खळ्यावरचा मोर्चा

एका जंगलात, मुलांनो, एक सिंह ज्वारी पिकवत असे.

सिंह ज्वारी खात नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे. तरी लिहायच्या आधी मी दोन पुस्तकांत बघून घेतलं. पण शेजारच्या जंगलातल्या वाघाने शेती सुरू केली होती आणि सगळे त्याला 'प्रगतिशील' म्हणू लागले होते. नुसती शिकार करणाऱ्याला कोणी प्रगतिशील म्हणत नाही. म्हणून आपल्या वनराजांनीही गवताचं एक मोठं कुरण नांगरून घेतलं आणि तिथे ज्वारी पेरली.

कुरण गेलं, तसं गवत गेलं. गवत गेलं, तसे गवत खाणारे प्राणी वनराजांकडे काम मागायला आले.

"बघा," वनराज म्हणाले, "मी यांना रोजगार दिला."

हे खोटं नव्हतं. पूर्ण खरं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कामगारांवर देखरेख करायला एक मुकादम होता. तो तरस होता. तरस हसतं, हेही तुम्हाला माहीत असेल. हा तर प्रत्येक वाक्यानंतर हसे. त्यामुळे तो हो म्हणाला की नाही म्हणाला, हे कोणालाच कळत नसे.

कामाच्या अटी त्यानेच सांगितल्या.

"पहिली अट. कामाच्या वेळात मालक कामगाराला खाणार नाहीत. हॅहॅहॅ!"

"आणि काम सुटल्यावर?" गेनू रानडुकराने विचारलं.

"सुटल्यावरचं सुटल्यावर बघू. हॅहॅहॅ!"

ही अट वनराजांनी प्रामाणिकपणे पाळली, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. खाल्लेला कामगार दुसऱ्या दिवशी कामावर येत नाही, हे ते अनुभवाने शिकले होते.

"दुसरी अट. मजुरी म्हणून रोज संध्याकाळी कडबा मिळेल. हॅहॅहॅ!"

कडबा म्हणजे कणसं खुडून घेतल्यावर उरतात ती ज्वारीची वाळकी ताटं. पोट भरल्यासारखं वाटतं. तेवढंच.

"आणि तिसरी अट, मुसकी."

या अटीनंतर मात्र मुकादम हसला नाही. म्हणजे ती महत्त्वाची असणार.

आता शहरातल्या मुलांनी मळणी पाहिलेली नसेल. मीही ती एकदाच पाहिली आहे, आणि तीही लांबून, तेव्हा काही चुकलं तर घरच्या मोठ्यांना विचारा. खळं म्हणजे सारवून, चोपून टणक केलेली गोल जागा. तिच्या मधोमध एक खांब असतो. त्याला तिवडा म्हणतात. खळ्यात कणसं पसरायची. जनावरं एका ओळीत, एकमेकांच्या गळ्यात दोर अडकवून, तिवड्याला बांधायची आणि दिवसभर गोल गोल फिरवायची. खुरांखाली कणसं मळली जातात आणि दाणे मोकळे होतात.

आता दिवसभर दाण्यांवरून चालायचं म्हटलं की जनावर मान खाली घालणार आणि एखादा घास उचलणार. तसं होऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला एक जाळी बांधतात. तीच मुसकी. ती सूर्य उगवताना बांधायची आणि मावळताना सोडायची. म्हणजे पायाखाली जेवण आणि तोंडावर जाळी.

खळ्यावर चौघं जण होते. तिवड्याला लागून तात्या सांबर. तो म्हातारा होता आणि तिथे चक्कर लहान पडते. त्याच्या शेजारी भुरकी नावाची नीलगाय. मग गेनू. आणि सगळ्यांत बाहेर भिवबा गवा. बाहेरच्याला सगळ्यांत जास्त चालावं लागतं. जो सगळ्यांत जास्त चालतो तो पुढारी, अशी भिवबाची समजूत होती. इतरांची काहीच समजूत नव्हती, म्हणून तो पुढारी झाला.

भुरकीला एक पाडस होतं. दिवसभर ती त्याला करवंदीच्या जाळीत लपवून येई. संध्याकाळी तिथे गेली की ते धडपडत उठे आणि तिच्या कासेला लागे. थोडं ओढे. मग थांबे, तिच्याकडे बघे आणि पुन्हा ओढे.

कडब्यावर दूध येत नाही, मुलांनो.

एका संध्याकाळी पाडस उठलंच नाही. बसल्या बसल्या त्याने नुसता कान हलवला. भुरकी तशीच मागे फिरली आणि कडबा चघळत बसलेल्या बाकीच्यांसमोर येऊन उभी राहिली.

"भिवबादादा," ती म्हणाली, "मला दाणा पाहिजे. फार नको. चालता चालता तोंडात येईल तेवढा एक घास. नाहीतर माझं लेकरू जगायचं नाही."

तात्या सांबराने खाली बघितलं.

"म्हणजे मुसकी काढायला पाहिजे," भिवबा म्हणाला.

"हो."

"म्हणजे मागणी करायला पाहिजे."

"करा की मग."

"एकट्यादुकट्याने मागणी करून भागत नसतं, भुरके. संघटना लागते."

"आपण चौघं आहोत ना?"

"चौघं आहोत ते खरं," भिवबा विचारात पडला, "पण संघटना आहोत का?"

हे ठरवायला एखाद्या विद्वानाची गरज होती. जंगलात एकच विद्वान होते. ते म्हणजे खवल्या मांजर. सगळे त्यांना शास्त्रीबुवा म्हणत. शास्त्रीबुवांनी तीन जंगलांतल्या संपांचा अभ्यास केला होता. त्यांची अडचण एवढीच होती, की त्यांना थेट प्रश्न विचारला की ते अंगाचा गोळा करून घेत. मग वरून नुसते खवले दिसत. मला या प्राण्याबद्दल का कोण जाणे फार माया वाटते.

"शास्त्रीबुवा," भिवबाने विचारलं, "आम्ही संघटना आहोत का?"

शास्त्रीबुवांचा गोळा झाला.

"अहो, थेट विचारू नका त्यांना," तात्या सांबर म्हणाला. "आडून विचारा." मग तो गोळ्याजवळ जाऊन झाडाकडे बघत बोलला, "आज हवा बरी आहे. काही लोक म्हणतात, संघटनेने आधी बोलणी करावीत."

गोळा थोडा उलगडला. आतून आवाज आला, "काही लोक तसं म्हणतात खरं. दुसरे काही म्हणतात, बोलण्यांचा उपयोग नसतो. दोघांचंही म्हणणं विचारात घेण्यासारखं आहे. बोलणी फिसकटली तर मोर्चा काढण्याची पद्धत आहे."

"मोर्चा कुठे काढायचा?" गेनूने विचारलं.

पुन्हा गोळा.

"गेन्या, तुला काही अक्कल?" भिवबा ओरडला. "कुठे ते आपण बघू. बुवांनी तत्त्व सांगितलं, ते पुरे झालं."

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर बोलणी झाली. एका बाजूला चौघं, दुसऱ्या बाजूला मुकादम.

"आमची मागणी एकच," भिवबा म्हणाला. "मुसकी काढा. कामाच्या वेळात एक घास खाऊ द्या."

"हॅहॅहॅ!"

"हे हो म्हणून समजायचं का?"

"हॅहॅहॅ!"

"का नाही म्हणून?"

"हॅहॅहॅ! अहो, एक घास काय म्हणता! वनराज तुमच्याकडे आपल्या लेकरांसारखं बघतात."

"बघतात खरं," तात्या सांबर हळूच म्हणाला. "परवा माझ्या मांडीकडे बराच वेळ बघत होते."

"मुकादमदादा," भुरकी पुढे आली, "माझं पाडस उठत नाही हो. तुमच्या घरात पण पोरं आहेत ना?"

मुकादमाचं हसू एक क्षण अडखळलं. तुम्ही म्हणाल, आता तो विरघळणार. मलाही तेच वाटलं होतं. पण त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "बाई, आज मी मुसकी काढली आणि उद्या रास कमी भरली, तर वनराज कोणाला खातील? तुम्हाला खाणार नाहीत. तुमच्या अटीत तसं आहे. माझ्या अटीत तसं काहीच नाही." आणि तो पुन्हा हसला, पण जरा बारीक आवाजात.

बोलणी फिसकटली.

"ठरलं!" भिवबाने खूर आपटला. "उद्या काम बंद. मुसकी बांधून घ्यायची नाही. दोर गळ्यात घालायचा नाही. थेट वनराजांच्या गुहेवर मोर्चा!"

सगळ्यांचे कान उभे राहिले. गेनूच्या अंगावर काटा आला. भुरकीने करवंदीच्या जाळीकडे बघितलं आणि मान हलवली.

सकाळी चौघं खळ्यावर जमले. कणसं पसरून ठेवलेलीच होती. मुकादम मुसक्या घेऊन आला तेव्हा भिवबाने नाकातून असा काही आवाज काढला, की मुकादम न हसताच पळसाच्या झाडामागे गेला.

"एका ओळीत उभे राहा!" भिवबा म्हणाला.

एका ओळीत उभं राहणं त्यांना चांगलंच माहीत होतं. तात्या सांबर आत, मग भुरकी, मग गेनू, बाहेर भिवबा.

"मोर्चात एक शिस्त पाळायची. मान वर ठेवायची, खाली बघायचं नाही आणि काही खायचं नाही. मोर्चा खात खात चालला, तर बघणारे काय म्हणतील? जेवणावळ आहे म्हणतील! आपण काय ओरडायचं?"

"एक घास!" भुरकी म्हणाली.

"एक घास! आमचा घास! चला!"

आणि मोर्चा निघाला.

आता इथे काय झालं ते नीट ऐका, कारण यात कोणाचीही वाईट बुद्धी नव्हती. चौघांनी सबंध हंगामात एकच चाल चालली होती. पुढे पाऊल टाकलं की तात्या सांबराचे पाय आपोआप डावीकडे वळत. तात्या वळला की भुरकी वळे, भुरकी वळली की गेनू वळे. आणि ओळ मोडू नये म्हणून भिवबाला लांब टांगा टाकत बाहेरून वळावं लागे. कोणी दोर बांधला नव्हता. तशी गरजच नव्हती.

मोर्चा तिवड्याभोवती फिरू लागला.

"एक घास! आमचा घास!"

बराच वेळ गेला.

"गुहा फार लांब आहे, नाही?" गेनूने विचारलं.

"न्याय लांबच असतो," भिवबा म्हणाला.

"मघाशी हाच पळस लागला होता."

"रस्त्यात पळस पुष्कळ असतात."

"त्याच्या मागे तरसच उभा होता."

"तरसही पुष्कळ असतात. ओरड तू! एक घास!"

"आमचा घास!" गेनू ओरडला. ओरडल्यावर शंका कमी होते, असा त्याला अनुभव आला.

दुपार टळली. ऊन उतरलं. भुरकीचा घसा बसला, तरी ती सगळ्यांत जोरात ओरडत होती, कारण पाडस करवंदीच्या जाळीत होतं आणि प्रत्येक पावलागणिक आपण गुहेच्या जवळ जातोय असं तिला वाटत होतं. सूर्य मावळला तेव्हा चौघं थांबले आणि इकडेतिकडे बघू लागले.

"आपण परत कधी आलो?" तात्या सांबराने विचारलं.

"मोर्चा यशस्वी झाला की कळत नाही, वेळ कसा जातो," भिवबा म्हणाला.

मुकादम पळसामागून बाहेर आला. त्याने खळ्यावर बघितलं आणि डोळे चोळले. मळणी झाली होती. रोजच्यापेक्षा जास्त झाली होती, कारण रागाने खूर जोरात पडतात. आणि मुसक्या नसूनही एक दाणा कमी झाला नव्हता, कारण ओरडणाऱ्याला खाता येत नाही.

तो धावत वनराजांकडे गेला.

"संप झाला, सरकार. हॅहॅहॅ!"

"मग हसतोस काय?"

"मळणी पण झाली, सरकार!"

सगळी हकिकत ऐकून वनराज बराच वेळ आयाळ खाजवत बसले. मग म्हणाले, "इतके दिवस मी उगीच मुसक्या विणून घेतल्या." दुसऱ्या दिवशी ते स्वतः खळ्यासमोरच्या उंच खडकावर आले आणि त्यांनी कामगारांपुढे भाषण केलं.

"तुमच्या भावना माझ्यापर्यंत पोचल्या आहेत. मी जुन्या विचारांचा सिंह नाही. आजपासून मुसकी बंद. आणि तुमचा आंदोलनाचा हक्क मी मान्य करतो. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत तुम्ही रोज आंदोलन करावं. जो आंदोलनाला गैरहजर राहील, त्याला कामावरून काढलं जाईल. आणि घोषणा मोठ्याने द्याव्यात. हळू घोषणा मला आवडत नाहीत."

"जिंकलो!" भिवबा ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शास्त्रीबुवाही गोळ्यातून अर्धे बाहेर आले आणि म्हणाले, की आंदोलन सक्तीचं झाल्याचं उदाहरण तीन जंगलांत कुठेच सापडत नाही. मग आपण फार ठाम बोललो असं त्यांना वाटलं आणि ते पुन्हा आत गेले.

"पण घास?" भुरकीने विचारलं.

"मिळेल गं! मुसकी गेली ना? ही पहिली पायरी."

"मग मी खाऊ?"

"आत्ता? भर आंदोलनात? भुरके, वनराज खडकावरून बघताहेत. आपल्यातलं एक जण जरी गप्प बसलं, तरी ते म्हणतील, एकजूट फुटली. थोडी कळ काढ."

मग रोज मोर्चा निघू लागला. रोज मळणी होऊ लागली. 'एक घास' असं ओरडताना एकाचंही तोंड घासासाठी मोकळं नव्हतं. मुसकी होती तेव्हा निदान घसा तरी दुखत नव्हता, असं तात्या सांबर एकदा म्हणाला. भिवबाने त्याला प्रतिगामी ठरवलं.

पाडसाने आता कानही हलवणं सोडलं होतं. भुरकी त्याच्या नाकाशी नाक नेऊन बघे. श्वास होता. पण बारीक, गवताच्या काडीसारखा.

एका सकाळी मोर्चा निघाला तेव्हा भुरकी नेहमीच्या जागी होती. "एक घास!" भिवबा ओरडला. "आमचा घास!" गेनू आणि तात्या ओरडले. भुरकीने मान खाली घातली, तोंडभर दाणे उचलले आणि मान वर केली. मग घोषणेच्या तालावर तोंड हलवत ती चावू लागली.

काहीच झालं नाही.

आभाळ कोसळलं नाही. एकजूट फुटल्याचा आवाज आला नाही. तिने दुसरा घास घेतला.

गेनू तिच्या शेजारीच होता. रानडुकराला कोणी काही खात असलं की लगेच कळतं. त्याने डोळे तिरपे करून बघितलं.

"भुरकीबाई," तो कुजबुजला, "तुम्ही खाताय!"

भुरकीने नुसतं तोंड हलवलं.

"अरे वा," गेनू म्हणाला, आणि त्यालाही तालावर तोंड हलवायला वेळ लागला नाही.

आता ओरडणारे दोघंच उरले. तात्या सांबराच्या लक्षात आलं तेव्हा त्याने एकदा आभाळाकडे बघितलं, जणू परवानगी मागावी, आणि मान खाली घातली. मग भिवबा एकटाच राहिला.

"एक घास!" तो ओरडला.

उत्तर नाही. त्याने वळून बघितलं. तिघांची तोंडं हलत होती आणि आवाज येत नव्हता.

"फितुरी!" भिवबा हादरलाच. "अरे, आपला लढा! आपली शिस्त! इतके दिवस आपण कशासाठी ओरडतोय?"

भुरकीने घास गिळला. "कशासाठी, दादा?"

भिवबाने तोंड उघडलं. 'एक घास' असं सांगायला उघडलं होतं. ते तसंच उघडं राहिलं. मग त्याने खाली बघितलं. संप सुरू झाल्यापासून तो पहिल्यांदाच खाली बघत होता. त्याच्या खुरांपाशी पिवळे, टपोरे दाणे पडले होते.

गवा हा मोठा प्राणी आहे, मुलांनो. त्याचा घासही मोठा असतो.

त्या दिवशी मोर्चा सूर्यास्तापर्यंत चालला. चार तोंडं एका तालात हलत होती. एकजूट इतकी पक्की पूर्वी कधीच नव्हती.

त्या संध्याकाळी भुरकीच्या कासेत दूध उतरलं. फार नाही. पाडसाला उठता येईना, तेव्हा तीच त्याच्यापाशी गुडघे टेकून बसली.

वनराज खडकावर बसून सगळं बघत होते. त्यांना तोंडं हलताना दिसत होती. घोषणा मात्र ऐकू येत नव्हत्या. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, वारा उलटा आहे. दुसऱ्या दिवशी वाराच नव्हता. त्यांनी पंजाने कान साफ केला. मग सहज विचारल्यासारखं करून मुकादमाला विचारलं, "आज घोषणा कशा आहेत?"

आता मुकादमालाही काही ऐकू येत नव्हतं. पण बहिऱ्या मुकादमाला कोण कामावर ठेवणार? आणि कामावरून काढलेल्या तरसाचं वनराज काय करत असत, हे त्याला ठाऊक होतं.

"दणदणीत, सरकार! हॅहॅहॅ! माझ्या तर कानठळ्या बसल्या."

"मलाही तसंच वाटलं," वनराज म्हणाले.

ते गुपचूप शास्त्रीबुवांकडे गेले.

"बुवा," ते म्हणाले, "एक ओळखीचा सिंह आहे. त्याला पाखरं ऐकू येतात. ओढा ऐकू येतो. मुकादम हसतो तेही ऐकू येतं. फक्त कामगार मागण्या करतात, तेवढंच ऐकू येत नाही. हे काय असावं?"

सिंहाने थेट प्रश्न विचारला होता. शास्त्रीबुवांनी गोळा व्हायचा प्रयत्न केला, पण शेपटीवर वनराजांचा पंजा पडलेला होता. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी सरळ उत्तर दिलं.

"हा पदाचा आजार आहे, वनराज. मी तीन जंगलांच्या राजांचा अभ्यास केला. तिघांनाही तो होता. बाकी सगळं ऐकू येतं. मागण्या तेवढ्या ऐकू येत नाहीत."

"उपाय?"

"उपाय कोणी शोधल्याचं आढळत नाही. ऐकू येतंय असं दाखवतात. काही राजे मान डोलवतात. त्याने बरंच भागतं."

वनराज मान डोलवतच घरी गेले.

पण खळ्यावरची रास कमी भरू लागली होती, आणि ते मान डोलवून भागणारं नव्हतं. शेवटी एका दुपारी वनराज खडकावरून उतरले आणि सरळ खळ्यात आले. मोर्चा जागच्या जागी थांबला. मुकादम पळसामागे गेला.

वनराजांनी भुशाच्या ढिगात पंजा घातला. वर आला तो भुसाच.

"दाणे कुठे गेले?" त्यांनी विचारलं. ते भुरकीपुढेच उभे होते.

भुरकीच्या तोंडात घास होता. मोठा होता. बोलायला तोंड उघडलं असतं तर दाणे वनराजांच्या पायांवर पडले असते. गिळायला जावं तर घसा सुकला होता. मग तिला करवंदीची जाळी दिसली. तिथे पाडस उभं होतं. चारही पाय फाकवून, डुगडुगत, पण उभं होतं.

भुरकीने वनराजांच्या डोळ्यांत डोळे घातले आणि शांतपणे चावायला सुरुवात केली.

वनराजांनी कान टवकारले. समोर नीलगायीचं तोंड हलत होतं. ती काहीतरी सांगत होती. बरंच सांगत होती. मुद्देसूद सांगत असावी, कारण घाई नव्हती. तिच्या शेजारी रानडुकराचंही तोंड हलू लागलं. मग सांबराचं. मग गव्याचं, आणि ते तर फारच कळवळून बोलत असावं.

आणि वनराजांना काही म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं. वर झाडावर एक सुतारपक्षी टकटक करत होता, तो मात्र स्वच्छ ऐकू येत होता.

त्यांना घाम फुटला. चौघांचे डोळे त्यांच्यावर लागले होते. 'पुन्हा बोला' असं म्हणावं, तर उद्या सगळ्या जंगलात होईल, की वनराज बहिरे झाले. बहिऱ्या सिंहाचं राज्य किती दिवस टिकतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी स्वतः एका बहिऱ्या सिंहाकडूनच ते घेतलं होतं.

त्यांनी मान डोलवली.

"हं," ते म्हणाले. "मुद्दा रास्त आहे."

चौघं चावत राहिले.

"असं पूर्वी कोणी मला समजावून सांगितलंच नव्हतं. मागणी मान्य."

भुरकी चावत राहिली.

"बरं, तीही मान्य," वनराज घाईघाईने म्हणाले. "आता पुरे. अगदी सगळंच आजच्या आज नको." आणि ते वळले आणि शेपूट सांभाळत, जितक्या डौलाने घाईत जाता येतं तितक्या डौलाने, गुहेकडे गेले.

मुकादम पळसामागून बाहेर आला. "अभिनंदन! हॅहॅहॅ! काय मान्य झालं?"

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. ते कोणालाच माहीत नव्हतं. माहीत नसल्यामुळे त्यात काय काय बसवता येईल, यावर ते पुढे पुष्कळ दिवस चर्चा करत राहिले. ती चर्चा अर्थात जेवता जेवता होई.

भुरकी मात्र चर्चेला थांबली नाही. ती तशीच करवंदीच्या जाळीकडे गेली. पाडस डुगडुगत दोन पावलं पुढे आलं, तिच्या कासेला लागलं आणि ओढू लागलं. या खेपेला ते मध्येच थांबून तिच्याकडे बघायला विसरलं.

तात्पर्य : आपल्या हक्कासाठी प्रत्येकाने तोंड उघडलंच पाहिजे. फक्त त्यातून आवाज काढण्याची चूक करू नये. (हे तात्पर्य बरोबर आहे की नाही, याबद्दल मला खात्री नाही. मुलांनी ते परीक्षेत लिहू नये. मालकांनी ते वाचू नये.)